घाटावरच्या कचराकुंड्या: आधी फेऱ्या ठरवा, मग कुंड्या घ्या

पैठण, राक्षसभुवन, गंगाखेड, नांदेड. गोदाकाठच्या या गावांत अमावस्येला, पर्वणीला, यात्रेला घाटावर पाय ठेवायला जागा नसते. गर्दी ओसरली की कचऱ्याची ओरड सुरू होते, आणि त्यावरची पहिली मागणी ठरलेली: कुंड्या वाढवा. निधी निघतो, नव्या कुंड्या येतात, त्यांच्यावर नावं रंगवली जातात. पुढच्या अमावस्येला सकाळी नऊ वाजता त्याच नव्या कुंड्यांभोवती ढीग लागलेला असतो, कारण कुंडी भरली त्या वेळी ती रिकामी करायला कुणाची नेमणूकच नव्हती. घाटावरची व्यवस्था फेऱ्यांवर चालते. किती कुंड्या लागतील याचं उत्तर फेऱ्यांमधूनच निघतं, म्हणून या लेखात कुंड्यांची खरेदी बरीच उशिरा येते.

मुंबईच्या चौपाट्यांवर आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर हेच काम भरती-ओहोटी पाहून करावं लागतं, आणि तिथे कुंडीची चाकं वाळूत रुततात. आपल्याकडे समुद्र नाही, पण अडचणी त्याच जातीच्या आहेत: भरतीच्या जागी धरणाचा विसर्ग आणि वाळूच्या जागी दगडी पायऱ्या. शिवाय इथलं पाणी पुढे थांबतं. पैठणच्या घाटावरून सुटलेली पिशवी खाली आपेगाव, हिरडपुरीच्या बंधाऱ्यांकडे जाते. त्या काठच्या गावांना तेच पाणी वापरायचं असतं. नगर परिषदेचे स्वच्छता निरीक्षक, ग्रामपंचायत, देवस्थानचे विश्वस्त, महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं, यांपैकी ज्यांच्यावर घाटाची जबाबदारी आहे त्यांनी पुढचं काम क्रमानं करावं.

एक अमावस्या नुसती पाहा

पहिल्या दिवशी काहीच बदलू नका. दोघातिघांनी पहाटे पाचपासून घाटावर वेगवेगळ्या ठिकाणी बसायचं, हातात वही, आणि एकच गोष्ट टिपायची: माणसाच्या हातातली वस्तू कचरा कुठे होते? पूजेच्या साहित्याची पिशवी ज्या पायरीवर फोडतात, तिथे कापराचा कागद, उदबत्तीचा पुडा, हळदीकुंकवाच्या पुड्या पडतात. बायका ओले कपडे बदलतात तिथे शाम्पूच्या पुड्या आणि कधी वापरलेले सॅनिटरी पॅड असतात. दशक्रियेच्या जागी पत्रावळी, भात, दर्भ, मडक्याच्या खापऱ्या. न्हाव्यांच्या ओळीत केस आणि ब्लेडं. रसवंतीपाशी चिपाडं आणि ग्लास. गाड्या लावतात तिथे घरून आणलेल्या डब्यांची उष्टी, पाण्याच्या बाटल्या, कुरकुऱ्याची पाकिटं.

घाटाचा हातानं नकाशा काढा आणि त्यावर या जागा खुणेनं दाखवा. वेळही लिहा. बहुतेक घाटांवर स्नानाची गर्दी सकाळच्या तीन-चार तासांत उरकते आणि खाण्याचा कचरा नंतर, दुपारकडे, वरच्या बाजूला वाढत जातो. म्हणजे सकाळी आणि दुपारी कचरा वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. दिवसभर सगळीकडे सारखीच माणसं ठेवून उपयोग नाही.

त्याच दिवशी जमा झालेला सगळा कचरा एकाच मापाच्या गोण्यांत भरून गोण्या मोजा. खताची रिकामी गोणी चालेल, तिच्यात साधारण साठ-सत्तर लिटर मावतं. निर्माल्याच्या किती, खाण्याच्या किती, प्लास्टिकच्या किती, कापडाच्या किती. दुसऱ्या गावाचे आकडे उसने घेऊ नका. नांदेडच्या नगिना घाटावरचा कचरा आणि राक्षसभुवनचा कचरा यांत फार फरक असतो. एका ठिकाणी गुरुद्वाऱ्याला आलेला लांबचा प्रवासी असतो, तर दुसरीकडे शनिवारी पंचक्रोशीतून आलेला भाविक.

कचऱ्याचा शेवटचा मुक्काम आधी ठरवा

हे काम कागदावर रूक्ष दिसतं म्हणून मागे पडतं, आणि सगळी गाडी इथेच अडकते. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी औरंगाबाद शहराच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. डेपो बंद झाला आणि शहरभर ढीग पडून राहिले. त्या दिवसांत रस्त्यावरची कुंडी कितीही चांगली असती तरी ती रिकामी कुठे करणार होते? घाटालाही हेच लागू आहे. निर्माल्य कोणत्या खड्ड्यात जाणार, उष्टं कुठे जाणार, प्लास्टिक कोण उचलणार, घंटागाडी घाटाच्या कोणत्या टोकापर्यंत येऊ शकते आणि यात्रेच्या बंदोबस्तात तिला आत सोडणार कोण, ही उत्तरं नावासकट लिहून घ्या. बॅरिकेडपाशी पोलिसानं गाडी अडवली म्हणून सकाळभर पोती पडून राहणं फार ठिकाणी घडतं. गाडीचा पास आणि वाट आधीच्या बैठकीत पोलीस ठाण्याशी बोलून पक्की करा.

फेऱ्यांचा हिशेब

नमुन्यादाखल एक गणित. समजा अमावस्येला पाच हजार माणसं येतात आणि तुमच्या गोण्यांच्या मोजणीतून माणशी अर्धा लिटर कचरा निघाला. एकूण २,५०० लिटर. त्यातला साठ टक्के सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान पडतो असं दिसलं, म्हणजे तीन तासांत १,५०० लिटर. १२० लिटरची कुंडी काठोकाठ भरू द्यायची नाही. पाऊण भरली की उचलायची, म्हणजे एका वेळी ९० लिटर. १,५०० ला ९० नं भागलं की सतरा वेळा कुंडी रिकामी करावी लागेल.

आता बघा. नऊ वाजता एकदाच फेरी मारणार असाल तर सतरा कुंड्या हव्यात. दर तासाला फेरी असेल तर सहा पुरतात. कुंड्या सारख्या भरत नाहीत, काही रिकाम्या राहतात आणि एखादी अर्ध्या तासात भरते, म्हणून सहाच्या जागी नऊ धरा. पिशवी बदलून, भरलेली वर नेऊन ठेवायला दर कुंडीमागे पाच मिनिटं धरली तर नऊ कुंड्यांना पाऊण तास लागतो. म्हणजे दोन माणसांची एक जोडी तासाची फेरी आरामात सांभाळू शकते आणि तिला पंधरा मिनिटं विसावाही मिळतो. आठ जास्तीच्या कुंड्यांच्या पैशात या जोडीच्या किती पाळ्यांची मजुरी निघते, ते तुमच्या गावच्या दरानं काढून पाहा. बैठकीत हा हिशेब मांडला की "कुंड्या वाढवा" ही मागणी बहुधा तिथेच बदलते.

पाऊण भरली की उचलायची, या नियमावर मी फार आग्रही आहे. कुंडीच्या तोंडाशी कचरा दिसला की पुढचा माणूस हात लांबवून वरून टाकतो, ते खाली पडतं, आणि खाली एक पिशवी दिसली की तिच्या शेजारी दुसरी ठेवायला कुणालाच संकोच वाटत नाही. ढीग असा सुरू होतो. एकदा सुरू झाला की गायी येतात, कुत्री येतात, डुकरं येतात, आणि पोत्यातलं सगळं पायरीवर पसरतं.

जागा

नकाशावर खुणा केलेल्या ठिकाणीच कुंडी ठेवा. पिशवी फोडतात त्या पायरीच्या अगदी बाजूला, चार पावलांवर. माणूस ओल्या अंगानं, कडेवर पोर घेऊन, कुंडी शोधत फिरत नाही. जिथे उभा आहे तिथून ती दिसली पाहिजे. गर्दीत माणसांच्या आड लपते म्हणून प्रत्येक कुंडीमागे आठ-दहा फूट उंच बांबू लावून वर रंगीत फडकं बांधा. हिरव्या कुंडीला हिरवं, निळ्याला निळं. हा उपाय स्वस्त आहे आणि लांबून दिसतो.

सुक्याची कुंडी एकटी ठेवू नका, तिच्याशेजारी ओल्याची हवीच. एकटी असली की तिच्यात सगळंच पडतं. देवळाच्या दाराशी, तुळशीवृंदावनापाशी, पिण्याच्या नळाजवळ कुंडी नको. लोक तिथे कचरा टाकायला कचरतात आणि पुजारी ती दुसऱ्याच दिवशी हलवतात. उताराच्या कडेला नको, कारण उलटली तर सगळं थेट पात्रात. मार्च-एप्रिलच्या दुपारी वावटळ उठते, तेव्हा उघड्या कुंडीतला हलका कचरा पाण्यावर जातो. भिंतीच्या आडोशाची जागा मिळाली तर ती घ्या.

आणि सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर कायमची कुंडी कधीही नको. जायकवाडीचे दरवाजे उघडले की पैठणचे घाट पाण्यात जातात आणि विष्णुपुरीतून पाणी सोडलं की नांदेडचे. ऑगस्ट २००६ मध्ये तर पैठण शहरातच पाणी शिरलं होतं. पावसाळ्यात विसर्गाचा इशारा गावाला मिळतो, पण त्या धावपळीत कुंड्या आठवत नाहीत, आणि कचऱ्यानं भरलेली कुंडी तशीच वाहून जाते. म्हणून जून ते ऑक्टोबर खालच्या टप्प्यावर फक्त उचलून नेता येतील अशी पोत्याची स्टँडं ठेवा, आणि इशारा आला की ती कुणी वर आणायची हे नाव आणि फोन नंबरसकट तलाठी कार्यालयात आणि देवस्थानात लिहून ठेवा. या यादीत एकाऐवजी दोन नावं असू द्या.

आता कुंडी कोणती

घाटावर चाकाची मोठी कुंडी दिसायला छान, कामाला वाईट. २४० लिटरची कुंडी ओल्या निर्माल्यानं आणि उष्ट्यानं भरली तर तिचं वजन सत्तर-ऐंशी किलोंच्या पुढे जातं. ती पायऱ्या चढवायला चार माणसं लागतात, आणि चार माणसं नसली की ती तिथेच राहते. म्हणून दोन टप्पे करा. खाली पायऱ्यांवर लोखंडी कड्याचं तिपाई स्टँड, त्यात साठ लिटरचं धुता येणारं पोतं, जे एक माणूस खांद्यावर घेऊ शकेल. वर, रस्त्याच्या पातळीवर, घंटागाडी पोचते तिथे २४० लिटरच्या झाकणाच्या कुंड्या. खालचं पोतं वरच्या कुंडीत ओतायचं आणि परत लावायचं. पोत्यांचे दोन संच ठेवा, म्हणजे एक धुवून वाळत असेल तेव्हा दुसरा चालतो. वर दिलेलं गणित १२० च्या कुंडीचं होतं. साठच्या पोत्यांवर केलंत तर पोती दुप्पट धरा. फेऱ्या तासाच्याच राहतील, फक्त उचलणारी जोडी एकाऐवजी दोन लागतील.

दांड्याला टांगलेल्या, झुलत्या, लहान जोडकुंड्या घाटावर लावू नका. त्या बसस्टँडवर तिकिटापुरत्या ठीक. हारांचा गुंता त्यांच्या तोंडात जात नाही, पोरं त्या उलट्या करतात, आणि कडी निसटली की कुंडी भंगारात पोचते. वरच्या टप्प्यावरच्या कुंड्यांना बुडाशी बोटभर भोकं हवीत, नाहीतर पावसात पाणी साठून डास होतात. झाकण असं हवं की गायीच्या तोंडानं उघडणार नाही. साखळीनं खांबाला बांधा, पण कुलूप घालू नका. यात्रेच्या दिवशी किल्ली कुणाकडे असते ते कुणालाच माहीत नसतं.

कापूर आणि जळती वात कुंडीत पडून प्लास्टिक पेटतं. निर्माल्याच्या प्रत्येक जागी वाळूची एक बादली ठेवा, दिवे आणि उदबत्त्या त्यात विझवायच्या. हीच वाळू आगीच्या वेळी हाताशी असते.

निर्माल्य, कपडे, ब्लेड: घाटाचा खरा कचरा

ओल्याला हिरवी आणि सुक्याला निळी कुंडी हे आता सगळीकडे रुळलंय. घाटावर एवढ्यानं भागत नाही.

निर्माल्य वेगळं हवं आणि ते कचराकुंडीसारखं दिसता कामा नये. देवाला वाहिलेला हार उष्ट्या पत्रावळीवर टाकायला माणसाचा हात धजत नाही. त्याला ते पाप वाटतं आणि तो हार सरळ पाण्यात सोडतो. हा भाव मोडायचा नाही, त्याला जागा द्यायची. निर्माल्याचा कलश किंवा कठडा स्वच्छ रंगवलेला, कमरेच्या उंचीचा, रांगोळी काढलेला, पाण्याच्या वाटेवर ठेवा. शक्य असेल तर गर्दीच्या तासांत तिथे एक माणूस उभा करा, जो नमस्कार करून हातातलं घेईल आणि प्लास्टिकची पिशवी, कागदाचा पुडा, तस्बिरीची काच तिथेच बाजूला काढेल. गावातल्या भजनी मंडळातल्या बायका हे काम फार चांगलं करतात. त्यांच्या बोलण्याला मान असतो, आणि "माय, हार इकडं दे, गंगेला नको" हे त्यांच्या तोंडून आलं की लोक ऐकतात.

पुढे निर्माल्याचं खत. हारातला दोरा, जरतार, थर्माकोलचे मणी, प्लास्टिकची फुलं काढल्याशिवाय ते खड्ड्यात घालू नका, कारण नंतर खत चाळताना हाती गुंता येतो आणि शेतकरी ते परत घेत नाही. जागा असेल तर नाडेप पद्धतीचा हौद बांधा. ही पद्धत विदर्भातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची, त्यांच्याच आद्याक्षरांवरून नाव पडलं. साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचा हौद, भिंतींत हवेसाठी फटी. निर्माल्य आणि पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेणाचा सडा, त्यावर माती, असे थर रचत जायचं आणि वरून लिंपायचं. साडेतीन-चार महिन्यांत खत होतं. मराठवाड्यातल्या उन्हात मुख्य चूक ओलाव्याची होते. वरचा थर वाळला, भेगा पडल्या की शेणपाणी शिंपडा, नाहीतर आत फुलं वाळून तशीच राहतात. तयार खत देवस्थानच्या बागेला, घाटावरच्या झाडांना द्या आणि उरलेलं आसपासच्या शेतकऱ्याला. नारळाची शेंडी आणि करवंट्या या हौदात घालू नका, त्या कुजायला फार वेळ लागतो. करवंट्या वेगळ्या पोत्यात ठेवल्या तर जळणाला नेणारे मिळतात.

कपडे. स्नानानंतर अंगावरचे जुने कपडे पाण्यात सोडायची पद्धत अनेक घाटांवर आहे, विशेषतः दशक्रियेनंतर. ओलं कापड दगडात अडकतं, गाळ धरतं, आणि पुढच्या माणसाच्या पायात येतं. उपदेशानं हे थांबत नाही. कपडे बदलण्याच्या जागेबाहेर दोन खांबांमध्ये आडवी काठी लावा आणि खाली जाळीची मोठी टोपली ठेवा. वर पाटी: इथे सोडलेले वस्त्र पाण्यात सोडल्यासारखेच. ही ओळ गावातल्या गुरुजींकडून वदवून घ्या. क्रिया सांगणारे गुरुजी जे सांगतील ते त्या दिवशी दुःखात असलेला माणूस ऐकतो, तुमची पाटी त्याला दिसणारही नाही. म्हणून घाटावरच्या सगळ्या गुरुजींची एक बैठक घेणं ही या कामातली फार मोलाची गोष्ट आहे. पिंडाचा भात कावळ्यासाठी ठेवल्यावर उरलेला कुठे ठेवायचा, पत्रावळी कुठे, हेही त्यांच्याशीच ठरवा.

न्हाव्यांच्या ओळीत प्रत्येकाला एक घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा द्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढीच खाच. डबा भरला की तसाच उचलायचा, ओतायचा नाही. केसांचं पोतं वेगळं. ओटीतल्या काचेच्या बांगड्या आणि फुटक्या तस्बिरींसाठीही जाड बुडाची बादली हवी. सफाई कामगाराच्या हाताला लागणारी काच बहुतेक वेळा निर्माल्यातूनच येते.

स्त्रियांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत झाकणाची, पायानं उघडणारी कुंडी आणि शेजारी खिळ्याला जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे. ती रिकामी करायला बाईच नेमा, नाहीतर ती आठवडाभर कुणी उघडत नाही.

बाटल्यांसाठी कुंडीच नको, जाळीचा उभा पिंजरा करा. आत काय आहे ते दिसतं, त्यामुळे दुसरं काही पडत नाही, आणि वाऱ्यानं उडत नाही. गावातल्या कचरावेचक बायांना ओळखपत्र देऊन हा पिंजरा आणि सुक्याची पोती त्यांच्या ताब्यात द्या. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायचं हे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतंच, आणि एरवीही न्याय्य आहे. विकलं जाणारं सामान त्यांचं झालं की पिंजरा भरून पडून राहत नाही.

ज्यांच्या हातानं हे होतं

पाळी पहाटे पाचला सुरू करा. घाटावरची माणसं साडेचारला येतात आणि आठला हजेरी लावणाऱ्या मुकादमाला ढीगच दिसणार. जोडीनं काम द्या, एकट्याला नको. रबरी हातमोजे, गमबूट, चिमटा, आणि पायरीवरून पोतं नेताना पाठीला लागणार नाही असं जाड गोणपाट. पाण्याचा माठ आणि सावली त्यांच्या कामाच्या जागेपासून दिसेल अशी असावी. मार्चपासून पुढे अकरानंतर दगड इतका तापतो की उघड्या पायानं उभं राहता येत नाही. त्या वेळी पायऱ्यांवरची फेरी थांबवून वरच्या टप्प्याचं काम द्यावं.

कुंडीची जागा ठरवताना या कामगारांना बरोबर घेऊन फिरा. कुठलं पोतं कुठल्या पायरीवर जड जातं, कुठली गाय रोज कुठे येते, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना न विचारता लावलेली कुंडी महिनाभरात जागा बदलते, आणि बदललेली जागा बहुतेक वेळा योग्य असते.

दुकानं, अन्नदान आणि यात्रा

चहा, रस, प्रसाद विकणाऱ्यांचा कचरा सार्वजनिक कुंडीत येऊ देऊ नका. जागेचं भाडं घेताना अनामत घ्या आणि अट घाला: स्वतःची कुंडी, रोज संध्याकाळी गाडीत रिकामी, तर अनामत परत. रसवंतीचं चिपाड गुरांना नेणारा शेतकरी ठरवून द्या. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे कप, पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ आणि सजावटीचा थर्माकोल बंद आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासूनच प्लास्टिकबंदी लागू आहे. विक्रेत्याकडे तो माल दिसला तर पहिल्या सकाळीच बोला, कचरा झाल्यावर दंड करून नदीला काही मिळत नाही. अन्नदान करणाऱ्या मंडळांना परवानगी देतानाच किती पत्रावळी, कुणी उचलणार, कोणत्या ट्रॉलीत, हे लिहून घ्या.

नाथषष्ठीचं गणित निराळं आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे बहुधा मार्चमध्ये, दिंड्या पैठणला येतात, नदीच्या वाळवंटात आणि मोकळ्या रानात उतरतात, पालं ठोकतात, तिथेच स्वयंपाक होतो. अष्टमीला काला झाला की पांगतात. या मुक्कामांच्या जागी ओळीनं कुंड्या लावून उपयोग होत नाही, पालं कुठे पडतील ते आधी ठरलेलं नसतं. तिथे कुंडी दिंडीच्या हाती द्यायची. दिंडी गावात शिरते त्या नाक्यावर दिंडीप्रमुखाला दोन रंगांची पोती द्या, सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच ही ट्रॅक्टरची वेळ सांगा, आणि ती वेळ पाळा. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर आला नाही तर दुसऱ्या दिवशी पोती भरलेली मिळणार नाहीत, रानात विखुरलेला कचरा मिळेल. भरलेलं पोतं आलं की रिकामं द्यायचं. चोपदारांना आधी भेटा. दिंडीत शिस्त असतेच, ती या कामाकडे वळवायला त्यांचा एक शब्द पुरतो. कीर्तनकारांना विनंती करा की उभं राहताना आणि समारोपाला पोत्याची वेळ सांगावी. ध्वनिक्षेपकावरच्या दिवसभराच्या सूचनांपेक्षा ती जास्त ऐकली जाते.

कचरा पेटवायचा नाही. पोती साचली की रात्री काठावर पेटवून द्यायची सवय आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. शिवाय यात्रेत पालांमध्ये गॅसच्या टाक्या असतात, पेंढा असतो. कचरा पेटवण्याचा प्रसंग येतो तो गाडी वेळेवर न आल्यानं, तेव्हा दुसरा ट्रॅक्टर राखून ठेवा.

पाट्या

शब्द कमी, चित्रं मोठी. नांदेडला पंजाबहून, तेलंगणातून, कर्नाटकातून माणसं येतात. प्रत्येकाची लिपी वेगळी, पण हार आणि बाटली सगळ्यांना ओळखू येते. चित्राऐवजी खऱ्या वस्तू फळीवर तारेनं बांधल्या तर अजून बरं: निर्माल्याच्या जागी वाळका हार, सुक्याच्या जागी चेपलेली बाटली आणि पुडा. पाटी कुंडीच्या वर, डोळ्यांच्या उंचीला. उद्घाटनाची नावं तिच्यावर नकोत.

नोंद आणि यात्रेनंतरचा आठवडा

प्रत्येक कुंडीला आणि स्टँडला मोठा क्रमांक रंगवा. फेरीवाल्या जोडीच्या खिशात एक कार्ड: कुंडी क्रमांक, वेळ, आणि पाव, अर्धी, पाऊण, ओसंडलेली अशा चार खुणा. अक्षर न येणाऱ्यालाही टिंब देता येईल असं छापा. संध्याकाळी मुकादमानं ती कार्डं एकत्र वाचायची. लागोपाठ दोन अमावस्यांना जी कुंडी पावच्या वर गेली नाही ती तिथून काढा. जी दोनदा ओसंडली तिच्याजवळ आधी फेरी वाढवा, तरीही ओसंडली तरच दुसरी कुंडी. कुंडीवर फोन नंबर लिहायचा असेल तर असा लिहा की तो पहाटे पाचला उचलला जाईल.

यात्रा संपल्यावर पोती चुन्याच्या पाण्यात भिजवून घासा, उन्हात उलटी वाळवा, मोजा आणि गाठोडी बांधून देवस्थानच्या कोठीत ठेवा. हे धुणं नदीत करू नका, टँकर मागवा आणि पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या. स्टँडांची कडी, कुंड्यांची झाकणं आणि साखळ्या तपासून मोडलेल्यांची यादी त्याच आठवड्यात दुरुस्तीला द्या, लोहाराकडे काम कमी असतं तेव्हा. पुढची अमावस्या महिन्याभरात येतेच, तिच्या आदल्या संध्याकाळी सगळी स्टँडं नकाशाप्रमाणे लागली का ते पाहायला एक माणूस नेमून ठेवा.